तूर्त स्थिर

भाडेकरार न वाचता सही करणारी माणसं सुखी असतात. नानांना हे सुख कधी मिळालं नाही, कारण छापलेला कागद हाती आला आणि तो न वाचता बाजूला ठेवला, असं त्यांच्या हातून आयुष्यात घडलं नव्हतं. वाण्याकडून पुडीला आलेला कागद ते आतल्या डाळीआधी बघत. औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी ते औषध घेण्याआधी वाचत, आणि वाचून झाल्यावर बहुधा औषध घेत नसत. तेव्हा गाळ्याचा करारही त्यांनी मालकांसमोर बसून, ओठ हलवत, सावकाश वाचला आणि शेवटाकडच्या एका कलमाशी ठेच लागल्यासारखे थांबले.

‘करार संपुष्टात आल्यावर भिंत, छत किंवा जमीन यांस जोडलेली प्रत्येक वस्तू मालकाची समजली जाईल.’

हे असं का, असं विचारायचं नानांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण समोर मालक बसले होते. वयानं मोठे, उंच, पांढऱ्या भुवयांचे आणि गप्प. गप्प माणसापुढे आपण त्याहून गप्प व्हायचं, ही नानांची जुनी पद्धत.

“काही शंका?” मालकांनी विचारलं.

“छे, छे,” नाना म्हणाले आणि त्यांनी सही केली. शंका त्यांना जिना उतरताना आल्या, सगळ्या एकदम.

निम्मं आयुष्य नानांनी दुसऱ्याच्या चष्म्याच्या दुकानात, आतल्या काळोख्या खोलीत लोकांचे डोळे तपासण्यात घालवलं होतं. बाहेर शेठजींच्या नावाची पाटी आणि आत नाना. गिऱ्हाइकं एकमेकांना सांगत, “त्या आतल्या गृहस्थांकडून तपासून घ्या, माणूस चांगला आहे.” आतले गृहस्थ! नानांना नाव असेल, अशी शंकाही कुणाला येत नसे. पन्नाशी उलटल्यावर एकदा जेवताना काकू सहज म्हणाल्या, “तुम्ही बाहेरचे कधी होणार?” काकू म्हणजे नानांची बायको, सगळी गल्ली तिला काकू म्हणे, आणि हळूहळू नानाही मनातल्या मनात तसंच म्हणायला लागले होते. त्या एका प्रश्नापायी नानांनी नोकरी सोडली, फंडाचे पैसे काढले आणि वर्षाच्या करारानं हा गाळा घेतला.

गाळा लांबट होता, बोळकंडीसारखा. डोळे तपासायला असाच लागतो, अंतर मिळतं. आधी तिथे लाँड्री होती. त्यामुळे फरशीला मागच्या मोरीकडे बेताचा उतार होता, आणि भिंतींना साबणाचा वास होता. किल्ली मिळाली त्या दिवशी नाना आणि काकू रिकाम्या गाळ्यात उगाच बराच वेळ उभे राहिले होते. बोललं की आवाज घुमायचा, म्हणून दोघं हळू बोलत होते. “इथे काउंटर,” नाना म्हणाले. “आणि इथे मी,” काकू म्हणाल्या. पुढे दुकान फ्रेमांनी आणि माणसांनी भरून गेल्यावरही, कुणाच्या ताज्या धुतलेल्या शर्टाचा वास आला की नानांना ती रिकामी दुपार आठवे आणि हातातलं काम क्षणभर थांबे. नव्या संसाराचे पहिले दिवस माणसाला दोनदा मिळत नाहीत म्हणतात. नानांना मिळाले होते, साबणाच्या वासासकट.

समोर टेलरमास्तरांचं दुकान होतं. ओळख व्हायच्या आधीच ते रस्ता ओलांडून आले आणि म्हणाले, “खिळा मारू नका.”

“कुठे?” नानांनी विचारलं.

“कुठेच. मागच्या जागेत मी काय नाही केलं? कपाटं केली, आरसा बसवला, पोटमाळा काढला. जागा सोडताना तिथला मालक म्हणाला, जोडलेलं ते माझं. म्हटलं, निदान कापायचं टेबल तरी नेतो. तर त्याच्या एका पायाला खिळा होता. डुगडुगतं म्हणून मीच जमिनीत मारलेला. एका खिळ्यापायी टेबल गेलं, नाना. त्या टेबलावर माझ्या दोन बहिणींची लग्नं झाली.”

“टेबलावर?”

“त्यावर कापलेल्या कपड्यांवर हो. तुम्ही शब्दाला फार धरता.”

नाना शब्दाला धरत होते हे खरंच. त्यांनी घरी जाऊन करार पुन्हा काढला, आणि ‘जोडलेली’ या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ ओढली. मग मेहुण्याला बोलावणं गेलं.

मेहुणा म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ. तो वकिलीच्या पहिल्या वर्षाला दोनदा बसला होता आणि मग त्यानं तो नाद सोडला. त्यामुळे कायद्याची सुरुवात त्याला इतर कुठल्याही वकिलापेक्षा जास्त पाठ होती. त्यानं करार उजेडात धरला, उलटा करून मागचा कोरा भाग वाचला आणि म्हणाला, “भाऊजी, सोपं आहे. वस्तू भिंतीला टेकली, तर ती तुमची. चिकटली, की गेली.”

“आणि नुसती उभी असेल तर?”

“तुमचीच. आणि खाली चाकं असतील, तर मालकाची तिच्याकडे बघायचीसुद्धा हिंमत नाही. चाक म्हणजे जंगम मालमत्ता. जंगम मालमत्ता म्हणजे भाडेकरूचा हक्क.”

हक्क हा शब्द नानांच्या वाट्याला फारसा कधी आला नव्हता. आजवर त्यांना कर्तव्यंच मिळत गेली होती. त्या रात्री जेवताना त्यांनी भाजीत मीठ कमी असल्याचं बोलून दाखवलं, यावरून काकू काय ते समजल्या.

सुतारमिस्त्रीला मात्र समजेना. “साहेब, मी आजवर दुकानं केली. एक अख्खी बँक केली. चाकं फक्त एका पाळणाघराला लावली.”

“सगळ्याला चाकं,” नाना खाली बघत म्हणाले. “भिंतीला खिळा नाही.”

“आणि पाटी?”

“पाटीलाही. स्टँडवर उभी राहील. सकाळी बाहेर, संध्याकाळी आत.”

“म्हणजे दुकान बंद करायचं नाही, झोपायला न्यायचं,” मिस्त्री म्हणाला. पण कामाचा माणूस होता. कपाटं, आरसा, पार्टिशन, काउंटर, बसायची स्टुलं, सगळ्यांच्या पायांत त्यानं चाकं घातली. चांगली चाकं महाग असतात, हे नानांना बिल बघून कळलं. लाकूड त्यामानानं फुकटच म्हणायचं. आणि सगळ्यात शेवटी अक्षरांचा तक्ता. हा तक्ता नानांच्या जिवाची वस्तू. सागवानी चौकट, आत दिवा, पुढे दुधी काच आणि तिच्यावर वरून खाली लहान होत गेलेली अक्षरं. गाळा मिळायच्या आधी त्यांनी तो घेऊन ठेवला होता. घरात तो पलंगामागे उभा असायचा आणि नाना अधूनमधून त्याची काच पुसत. त्याला चाकं लावताना ते स्वतः पाय धरून बसले होते.

दुकान उघडलं. पहिल्या गिऱ्हाईक एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी काउंटरवर पर्स ठेवली आणि जरा झुकून काचेखालच्या फ्रेमा बघायला लागल्या. काउंटर अदबीनं मागे सरलं. बाई पुढे झाल्या. ते आणखी मागे सरलं. बाई शाळेत शिस्तीच्या म्हणून नावाजलेल्या, त्या माघार घेणाऱ्या नव्हत्या. शेवटी बाई आणि काउंटर दोघंही मोरीपाशी जाऊन थांबली.

“तुमचं काउंटर भारी लाजाळू आहे हो,” बाई म्हणाल्या.

“यांच्यावर गेलंय,” काकू म्हणाल्या.

मग पाचरी आल्या. प्रत्येक चाकाखाली लाकडाची एक पाचर. सकाळी दुकान उघडलं की नाना वाकून सगळ्यांना पाचरी लावत, संध्याकाळी काढत, आणि दिवसभर त्या कुणाच्या ना कुणाच्या पायात येत. तरी नाना समाधानी होते. दुकान रोज जसंच्या तसं उभं होतं आणि त्यातलं सगळं कायद्यानं त्यांचं होतं.

परवाना कचेरीतले साहेब आले ते याच दिवसांत. त्यांच्याजवळ छापील अर्ज होता आणि त्यात एक ओळ होती, ‘आस्थापनेचा प्रकार: स्थिर / फिरती.’ साहेबांनी पाचर पायानं सारली आणि कपाटाला एक बोट लावलं. कपाट निघालं.

“हे हलतं.”

“हो,” नाना म्हणाले.

“हेही हलतं. आरसाही हलतो. पाटी?”

“पाटीही.”

“मग हे फेरीवाल्यांत येतं.”

नानांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. “माझ्याकडे पदविका आहे,” ते पुटपुटले.

“ती कुठे लावलीय?”

पदविका एका खुर्चीवर टेकवून ठेवली होती. खुर्चीला चाकं होती.

“फेरीवाल्यांनी वस्तीत मोठ्यानं ओरडून माल विकायचा नसतो,” साहेब लिहिता लिहिता म्हणाले. “तेवढं सांभाळा.” उभ्या जन्मात नाना मोठ्यानं शिंकलेही नव्हते. सुदैवानं मेहुणा तिथे होता. स्थिर म्हणजे काय, पृथ्वी स्थिर आहे का, कचेरीतली साहेबांची खुर्ची चाकांची आहे का आणि असल्यास कचेरी फेरीवाल्यांत येते का, असे त्यानं एकामागून एक प्रश्न विचारले. साहेब कंटाळले. त्यांनी दोन्ही शब्दांवर काट मारली, वर हातानं ‘तूर्त स्थिर’ असं लिहिलं आणि शिक्का मारून निघून गेले.

परवाना दर्शनी भागी लावावा, असा नियम होता. नानांनी तो कपाटाला टेकवून उभा केला.

मालक वरच्याच मजल्यावर राहत. त्या संध्याकाळी ते नेहमीप्रमाणे खाली आले. हे रोजचंच होतं. दिवे लागायच्या सुमारास जिन्यावर काठी वाजायची, मालक येऊन स्टुलावर बसायचे, सगळ्या दुकानावरून एकदा नजर फिरवायचे आणि काही न बोलता बसून राहायचे. स्टुलाची पाचर निघाली असली, तर बसल्या बसल्या हळूहळू मोरीकडे जायचे. तेही काही न बोलता. नानांची खात्री होती, की हे खिळे शोधायला येतात. मालक आले की ते नकळत भिंतीपासून एक पाऊल पुढे येऊन उभे राहत, म्हणजे काही लपवत नाही हे दिसावं.

मालकांनी परवाना बराच वेळ वाचला. “तूर्त,” एवढंच म्हणाले, आणि त्या दिवशी लवकर वर गेले.

काउंटरची पाचर एक दिवस मोडली. काकूंनी तक्त्याखालची काढून काउंटरला लावली. “तक्ता कुठे पळून जातोय,” त्या म्हणाल्या, आणि ते कुणालाही पटण्यासारखंच होतं.

तक्त्याची जागा पुढच्या बाजूला, तपासायची खुर्ची मागे मोरीकडे. तपासणीच्या वेळी पार्टिशन ओढून काळोख केला जाई, तक्त्यातला दिवा लागे, आणि नाना त्याच्याकडे पाठ करून गिऱ्हाइकासमोर काचा बदलत उभे राहत. अक्षरं त्यांना तोंडपाठ होती, वळून बघायची गरज नव्हती. तपासणी झाली, की जाण्यायेण्याची वाट मोकळी करायला तक्ता असेल तिथून बाजूला ढकलून ठेवायचा.

याच सुमाराला नानांच्या हाताला गुण आला. मुख्याध्यापिका पुन्हा तपासायला आल्या आणि त्यांचा वर्षानुवर्षांचा नंबर उतरला. मग एका कंडक्टरचा उतरला. एका वाद्यवृंदातल्या बासरीवाल्याचा इतका उतरला, की तो बिचारा रडला. बातमी पसरली. “नानांकडे जा, तिथे डोळे सुधारतात.” शेठजींची जुनी गिऱ्हाइकंही रस्ता शोधत येऊ लागली.

नानांनी यावर बराच विचार केला. त्यांना वाटलं, आपल्या शांतपणाचा हा परिणाम असावा. शेठजींकडे घाई असे, माणूस घाबरला की डोळे ताणतो. इथे तो निवांत होतो. म्हणून ते आणखी सावकाश तपासायला लागले. आवाज आणखी मऊ केला. “काही घाई नाही,” ते काळोखात म्हणत, “अक्षरं आपोआप तुमच्याकडे येतील.” आणि गंमत म्हणजे जितकं सावकाश तपासावं, तितका नंबर जास्त उतरे. नानांनी दोन नवे शर्ट शिवून घेतले. चालताना हात मागे बांधायला लागले.

“तुमचा आवाज खोल झालाय हल्ली,” काकू म्हणाल्या.

“व्यवसायाचा परिणाम,” नाना खोल आवाजात म्हणाले.

अशा भरभराटीत मालक एका संध्याकाळी स्टुलाऐवजी तपासायच्या खुर्चीत बसले. नानांनी त्यांच्यासाठी सगळं कसब पणाला लावलं. इतकं सावकाश त्यांनी कुणालाच तपासलं नव्हतं. मालकांचा नंबर निम्म्यावर आला. नवा चष्मा झाला, मालक तो लावून वर गेले, आणि दुसऱ्या दिवशी उतरताना शेवटची पायरी आहे की नाही याचा त्यांचा अंदाज चुकला. फार लागलं नाही, गुडघा खरचटला, कोपराला मुका मार बसला. ते तसेच लंगडत दुकानात आले.

“हा चष्मा घातल्यापासून,” ते म्हणाले, “मी माझ्याच जिन्यावर परका झालोय.”

“सवय व्हावी लागते,” नाना म्हणाले.

“जिन्याची मला सवय आहे. जन्मापासून.” मालकांनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला. काउंटरही त्या वेळी मुकाट उभं राहिलं. “करार महिनाअखेरीला संपतोय. जागा मोकळी करा. तुम्हाला काही जड जायचं नाही म्हणा. चाकं आहेतच.”

मेहुणा संध्याकाळी आला, तो जिंकल्यासारखाच. “बघितलंत? मी म्हणत नव्हतो? टेलरमास्तरांसारखी तुमची गत झाली का? खिळासुद्धा मागे ठेवायचा नाही. सगळंच्या सगळं तुमचं.”

“हो,” नाना म्हणाले. “ठेवायचं कुठे?”

यावर कायद्याच्या पहिल्या वर्षात काही नव्हतं. काकू फ्रेमा पुसत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, “इतकी वर्षं दुसऱ्याच्या पाटीखाली उभे होतात. स्वतःची पाटी केली, तर तिला चाकं. पाटी म्हणजे काय, छत्री आहे?” आणि मग मेहुण्याला म्हणाल्या, “तू घरी जा.”

नानांना जागेपेक्षाही तो चष्मा जास्त लागला होता. दुकानं येतात जातात. पण आपण तपासलेला डोळा चुकतो म्हणजे काय? दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. ते स्वतः तपासायच्या खुर्चीत बसले, स्वतःचा चष्मा काढून ठेवला आणि काकूंना म्हणाले, “मी सांगेन तशा काचा घालत जा. मला बघू दे, काय चुकतंय.”

पार्टिशन ओढलं, दिवा लागला. नानांना वरचं एकच अक्षर दिसत होतं, तेही धूसर. मग दुसरी ओळ दिसायला लागली.

“ही काच बरी आहे,” नाना म्हणाले.

“मी अजून घातलीच नाही. डबी उघडत नाहीये.”

“मग दुसरी ओळ कशी दिसली?” नाना म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांना तिसरी दिसली. त्यांनी डोळे बारीक केले. काळोखात तो प्रकाशाचा चौकोन अगदी हळू, अजिबात आवाज न करता, उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखा ओशाळत ओशाळत त्यांच्याकडे येत होता. नाना खुर्चीत खिळून बघत राहिले. पाचवी ओळ स्वच्छ दिसली तेव्हा तक्ता त्यांच्या गुडघ्याला येऊन टेकला.

काकूंनी वाकून तक्त्याखाली चाचपून बघितलं. पाचर नव्हती.

“म्हणजे माझ्या हाताला गुण नव्हता,” नाना शेवटी म्हणाले.

“होता की,” काकू म्हणाल्या. “चाकं जरा जास्त गुणी निघाली, एवढंच.”

मग त्या काळोखातच त्यांच्या शेजारी स्टुलावर बसल्या, आणि नानांनी त्यांना एकेक गिऱ्हाईक आठवून सांगितलं. कंडक्टर. बासरीवाला. बाई. सगळ्यांना परत बोलवावं लागणार होतं, सगळ्यांच्या काचा पदरच्या पैशांनी बदलून द्याव्या लागणार होत्या, आणि सगळ्यांना सांगावं लागणार होतं, की तुमचे डोळे सुधारले नाहीत, आमचा तक्ता चालत होता. जागा महिनाअखेरीला जायची तर जाईल, पण त्याआधी हे व्हायला हवं होतं.

“नवी पाचर करून घ्या,” तक्ता भिंतीला ठोकायचा ठरल्याचा निरोप मिळाल्यावर मेहुणा धावत येऊन म्हणाला. “भाऊजी, तक्ता भिंतीत ठोकू नका. आत्ता तर मुळीच नको. दोन आठवड्यांसाठी एवढी महागाची वस्तू मालकाला आंदण द्यायची?”

“पाचर पुन्हा मोडेल,” नाना म्हणाले. “लोकांनी ज्याच्याकडे बघून डोळे ठरवायचे, ते तरी एका जागी हवं.” एवढं लांब वाक्य आपण मेहुण्यापुढे पुरं केलं, याचं त्यांनाच नवल वाटलं.

मिस्त्रीला निरोप धाडला होता, पण नानांना धीर निघेना. हातोडा टेलरमास्तरांकडून आणला. मास्तरांनी तो दिला, पण असा, की जणू शेजाऱ्याला विष देतोय. तक्त्याची चाकं काढली. पहिला खिळा वाकला. दुसरा उडाला आणि मोरीत गेला. तिसरा भिंतीऐवजी नानांच्या अंगठ्यावर बसला. चौथा आत गेला, पण गिलाव्याचा ताटाएवढा पोपडा खाली घेऊन. करारात ‘जागा घेतली त्या स्थितीत परत करावी’ असंही कलम होतं, ते नानांना पोपडा पडता पडताच आठवलं. तरी ते ठोकत राहिले. शेवटी तक्ता भिंतीवर चढला. काकूंनी लांबून बघून “डावीकडे जरा वर” म्हटलं, आणि तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली.

मालक दारात उभे राहिले. त्यांनी पोपड्याकडे पाहिलं, नानांच्या तोंडात असलेल्या अंगठ्याकडे पाहिलं, मग तक्त्याकडे.

“खिळा मारलात?”

“मारला,” नाना म्हणाले.

“भिंतीत?”

“गिलावा भरून देतो. कराराप्रमाणे.”

“म्हणजे तक्ता आता माझा.”

“महिनाअखेरीला,” नाना म्हणाले. “तोवर मला लोकांचे डोळे पुन्हा तपासायचेत. तुमचेही. चूक तक्त्याची होती. म्हणजे माझीच.” आणि त्यांनी सगळं सांगितलं, मोरीचा उतार, पाचर, गुडघ्याला येऊन टेकलेला चौकोन. मालक ऐकत होते. ऐकता ऐकता स्टुलावर बसले.

“मग आता खिळा मारलात, तर जाताय कशाला?”

“तुम्हीच म्हणालात.”

“मी म्हणायच्या आधीपासून तुम्ही निघायच्या बेतात होतात. आल्या दिवसापासून.” मालकांना इतकं बोलताना त्या गाळ्यानं प्रथमच पाहिलं असेल. “तो लाँड्रीवाला एका दुपारीत नाहीसा झाला. त्यानं निदान इस्त्रीचं टेबल तरी ठोकलेलं होतं. भाडं बुडालं ते बुडालं, वर लोक माझं दार वाजवून पँटी मागायला लागले. एक बाई अजून पडद्यांसाठी येतात. आणि मग तुम्ही आलात, ते सगळं चाकांवर घेऊन. परवान्यावरसुद्धा ‘तूर्त’. मी रोज संध्याकाळी काय बघायला येत होतो? आज काय काय उरलंय ते.”

“मला वाटायचं, तुम्ही खिळे मोजायला येता.”

“खिळे होते कुठे मोजायला?”

काकू आतून चहा घेऊन आल्या. “एक म्हणतो हा मला लुटणार, दुसरा म्हणतो हा पळणार,” त्या कप ठेवत म्हणाल्या. “आणि वर्षभर पाचरींना ठेचकाळले मी.”

त्याच संध्याकाळी नानांनी मालकांचे डोळे पुन्हा तपासले. तक्ता जागचा हलला नाही. नंबर होता तेवढाच निघाला, किंबहुना काकणभर जास्तच. मालकांना त्याचं काही वाटलं नाही. पण इतरांनी नानांचा छळ मांडला. कंडक्टर म्हणाला, आधीचंच मशीन बरं होतं. मुख्याध्यापिकांनी तर काचा बदलून घ्यायला साफ नकार दिला. “मला हाच नंबर आवडलाय,” त्या म्हणाल्या, आणि रस्त्यावर भलत्याच बाईला ओळख देत निघून गेल्या.

नव्या कराराच्या वेळी मेहुणा तयारीनं आला होता. लांब मुदत, गिलाव्याची जबाबदारी, जोडलेल्या वस्तूंचं कलम रद्द. मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “करार वर्षाचाच. कलम राहू दे. दर वर्षी यांनी माझे डोळे तपासायचे, आणि मला अक्षरं वाचता आली की मी सही करायची.” मेहुण्यानं विचारलं, याला कायद्यात आधार काय? नाना म्हणाले, “चालेल.”

ते दिवस चांगले गेले. चाकं एकेक करून उतरली. आधी आरशाची, मग कपाटांची, मग पाटी दारावर चढली. नवी वस्तू ठोकली, की मालक खाली येऊन तिला हात लावून बघत आणि खुशीत म्हणत, “हेही गेलं तुमचं.” उतरलेली चाकं मिस्त्रीनं नेली, कुठल्याशा पाळणाघराला लावली म्हणे. संध्याकाळी मालक स्टुलावर बसत, आता ते स्टूलही कुठे जात नसे. रस्त्यावर दिवे लागत, मास्तरांचं मशीन समोर चालू असे, काकू फ्रेमा पुसत असत, आणि कुणीच फारसं काही बोलत नसे. नानांना पुढे वाटायचं, आपण आयुष्यात सगळ्यात जास्त गप्पा मारल्या त्या त्याच संध्याकाळी.

वर्ष संपत आलं की मालक खुर्चीत बसत आणि वाचत. पहिली काही वर्षं शेवटच्या ओळीपर्यंत. मग एकेक ओळ वर सरकत गेली. काचा जाड होत गेल्या. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, आता वयच आहे, काही करण्यासारखं उरलं नाही. मालकांचा मुलगा दुसऱ्या गावी होता आणि गाळा विकून टाका असं फोनवर म्हणत होता, हे नानांच्या कानावर आलं होतं. नानांनी तो विषय मालकांकडे कधी काढला नाही. दोन गप्प माणसांत असे विषय निघत नाहीत.

त्या वर्षी मालक जिना उतरले ते भिंतीला हात लावत लावत. नानांनी त्यांना खुर्चीपर्यंत आणलं. पार्टिशन ओढलं, दिवा लावला, फ्रेम त्यांच्या नाकावर ठेवली आणि नेहमीसारखे तक्त्याकडे पाठ करून उभे राहिले. फ्रेममध्ये काच घालायची राहून गेली होती, हे त्यांच्या लक्षात आलं. पण तेवढ्यात मालकांनी सुरुवात केली होती.

पहिलं मोठं अक्षर. दुसरी ओळ. तिसरी. सावकाश, एकही न चुकता, ते खाली उतरत गेले, ओळखीच्या जिन्यानं उतरावं तसे. शेवटची बारीक ओळ झाली. मग ते जरा थांबले, आणि तिच्याही खाली, चौकटीच्या कडेला मुंगीएवढ्या अक्षरांत तक्ता छापणाऱ्याचं नाव होतं, जे नानांनी स्वतः भिंग लावून एकदाच वाचलं होतं आणि एका संध्याकाळी सहज बोलून दाखवलं होतं, तेही त्यांनी वाचून टाकलं.

“बरोबर?” मालकांनी विचारलं.

“अगदी,” नाना म्हणाले. “नंबर आहे तोच आहे.”

मालकांनी हात पुढे केला. नानांनी त्यात पेन दिलं, आणि त्यांचं बोट धरून करारावर सहीच्या जागी टेकवलं.